‘प्रायॉनवर औषध सापडलं’ अशी बातमी आली की ती कशी वाचायची

ज्यांच्या घरात सीजेडीचा (क्रॉइट्झफेल्ट-याकोब डिसीज, प्रायॉनमुळे होणारा मेंदूचा आजार) पेशंट आहे किंवा होऊन गेलाय त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. वर्षातून एकदोनदा कुठल्यातरी परदेशी लॅबची बातमी येतेच, मुंबईतला कोणीतरी भाचा ती फॅमिली ग्रुपवर टाकतो, आणि इकडे देवगडात नाहीतर राजापुरात खाटेजवळ बसलेली बाई विचारते, "औषध गावला मां, मगे हेंका कधी देतले?" या प्रश्नाला खरं उत्तर देता आलं पाहिजे. खोटी आशा पण नको आणि "सगळं थोतांड असतं" असं झिडकारणं पण नको, कारण या आजारावर खरोखर चांगलं काम चाललंय आणि गेल्या दहा वर्षांत ते बरंच पुढे गेलंय.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, आमचे मामा याच आजाराने गेले, त्यामुळे या विषयावरचे पेपर तेव्हापासून वाचत आलोय. डॉक्टर नाहीये. औषधाचा निर्णय न्यूरॉलॉजिस्टचाच, इथे फक्त बातमी कशी तपासायची आणि त्यासोबत घरच्यांनी काय करायचं एवढंच सांगतोय.

आधी आजार थोडक्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रायॉन म्हणजे जंतू नाही, व्हायरस नाही, बुरशी नाही. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत प्रायॉन प्रोटीन नावाचं एक साधं प्रोटीन असतं, २० नंबरच्या क्रोमोझोमवरच्या पीआरएनपी नावाच्या जीनवरून ते बनतं. या प्रोटीनची घडी कधीतरी चुकते, आणि चुकलेल्या घडीचं प्रोटीन शेजारच्या चांगल्या प्रोटीनला पण स्वतःसारखं करून टाकतं, अगदी विरजणासारखं, चमचाभर पडलं की पातेलंभर दुधाचं दही. त्यात डीएनए नाही, आरएनए नाही, म्हणून अँटिबायोटिक किंवा अँटिव्हायरलला मारायला काही सापडतच नाही, आणि प्रोटीन आपलंच असल्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडत नाही. १९८२ मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी प्रायॉन हे नाव दिलं तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना हे पटलं नव्हतं, १९९७ ला त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं.

दहा लाख माणसांमागे वर्षाला एक-दोन पेशंट असं जगभरचं प्रमाण. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून साधारण साडेचोवीस लाख लोक होते, म्हणजे हिशोबाने आपल्या दोन जिल्ह्यांत वर्षाला दोन ते पाच केस व्हायला पाहिजेत. तेवढ्या ऐकू येत नाहीत कारण कितीतरी जणांचं "वयामुळे विसरायला लागले" किंवा "बाहेरचं काहीतरी लागलं" असं म्हणत निदान न होताच सगळं संपतं.

अजून एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो कारण घराघरात त्यावरून उगीच एकमेकांना दोष देणं चालतं. साधारण ८५ टक्के केस आपोआप होतात, कोणाच्या चुकीने नाही. १० ते १५ टक्के जीनमधल्या बिघाडामुळे घराण्यात येतात. बाहेरून लागण होऊन झालेल्या केस एक टक्क्याहून कमी. मासे खाल्ले, कोंबडीवडे खाल्ले, जत्रेत मटण खाल्लं म्हणून झालं असं काही नाही. ब्रिटनमध्ये १९८६ ला गाईंमधला मॅड काऊ आजार ओळखला गेला आणि १९९६ ला तो माणसात आल्याचं जाहीर झालं, ती गोष्ट वेगळी. भारताला २०१० पासून त्या बाबतीत नगण्य धोक्याचा देश असा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. तेव्हा वहिनीने काय शिजवलं होतं हा विषय बंद करा.

बातमी आली की पहिला प्रश्न: प्रयोग कशात केलाय?

हेडिंग बघू नका. हेडिंगमध्ये "औषध सापडलं" असतं आणि आत सातव्या ओळीत "पेशींमध्ये" किंवा "उंदरांमध्ये" असं असतं, तो शब्द आधी शोधा. परीक्षानळी, डिशमधल्या पेशी, उंदीर, माणूस अशी ही चढण आहे आणि प्रायॉनच्या बाबतीत बहुतेक औषधं दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पायरीवर गळून पडलीत.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण क्विनाक्रिनचं. हे मलेरियाचं जुनं औषध. २००१ मध्ये प्रुसिनर यांच्याच लॅबने दाखवलं की प्रायॉनची लागण झालेल्या उंदराच्या पेशींना डिशमध्ये क्विनाक्रिन दिलं की त्या साफ होतात. औषध जुनं, माणसाला चालतं हे माहितीतलं, मेंदूपर्यंत पोचतं असं वाटत होतं, आणि पेशंट तर महिन्यांत जात होते, त्यामुळे लोकांनी लगेच ते वापरायला सुरुवात केली, आणि त्या जागी मी असतो तर मी पण मागितलं असतं. पुढे ब्रिटनमध्ये प्रायॉन-१ नावाचा अभ्यास झाला, त्याचा निकाल २००९ ला आला, अमेरिकेतल्या ट्रायलचा २०१३ ला. दोन्हीकडे पेशंट जास्त जगले नाहीत. उंदरांमध्ये पण आजार थांबला नव्हता.

असं का होतं? त्या प्रयोगांत वापरतात त्या पेशी मुळात उंदराच्या मज्जातंतूंच्या पेशींच्या कॅन्सरच्या गाठीतून काढलेल्या, त्या सतत दुप्पट होत राहतात, त्यामुळे प्रायॉन वाढणं नुसतं थोडं मंदावलं तरी प्रत्येक वाटणीत ते पातळ होत होत पेशी साफ झालेल्या दिसतात. आपल्या मेंदूतल्या पेशी दुप्पट होत नाहीत, तिथे साठलेलं तसंच राहतं.

हळदीचं पण असंच आहे आणि हे मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडे प्रत्येक आजारात कोणीतरी हळद सांगतंच. २००३ मध्ये हळदीतल्या कुरकुमिनचा खरोखर प्रयोग झालाय, पेशींमध्ये त्याने प्रायॉन साठणं अडवलं, चक्क चांगला रिझल्ट होता. मग त्याच लोकांनी हॅमस्टरना खाण्यातून दिलं आणि आजार यायचा तेव्हाच आला, काही फरक नाही. म्हणून "हळदीने प्रायॉन बरा होतो, सायन्सने सिद्ध झालंय" असा फॉरवर्ड आला तर त्यातला पेशींचा भाग खरा आहे, पेशंटचा भाग खोटा आहे. जेवणात हळद असू दे, पण महागडे अर्क आणि कॅप्सूल घेऊ नका.

दुसरा प्रश्न: प्रायॉन कोणाचा होता?

हा प्रश्न बातमीदार कधीच विचारत नाहीत आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. प्रायॉनच्या जाती असतात, प्रोटीन तेच पण चुकलेली घडी वेगवेगळी. लॅबमध्ये जो सगळ्यात जास्त वापरतात तो मेंढ्यांच्या स्क्रेपी आजारातून घेऊन पिढ्यानपिढ्या उंदरांत वाढवलेला प्रायॉन. त्याच्यावर चाललेलं औषध माणसाच्या सीजेडी प्रायॉनवर चालेलच असं नाही.

हे कसं कळलं ते बघा. आयएनडी-२४ नावाचं एक रसायन होतं, उंदराच्या प्रायॉनची लागण झालेल्या उंदरांना दिलं तर ते खूप जास्त जगायचे, सगळे खूश होते. मग माणसाचं प्रायॉन जीन घातलेले उंदीर घेतले, त्यांना सीजेडी पेशंटच्या मेंदूतला प्रायॉन दिला, आणि औषध दिलं. काहीच उपयोग झाला नाही. वर अजून एक गोष्ट दिसली, औषध घेतलेल्या उंदरांमध्ये त्या औषधाला न जुमानणारा प्रायॉन तयार झाला. निर्जीव प्रोटीन आणि तरीही औषधाला सरावतं, हे २०१३ च्या आसपासचे पेपर वाचताना मला खरंच धडकी भरली होती. ॲन्ले-१३८-बी नावाच्या दुसऱ्या एका रसायनाचं पण तसंच, उंदराच्या प्रायॉनवर छान, माणसाच्या प्रायॉनवर नाही.

म्हणून बातमीत "ह्युमनाइज्ड माउस" किंवा "मानवी प्रायॉन" असे शब्द आहेत का ते शोधा. असतील तर बातमीचं वजन वाढतं. अलीकडे अजून एक पद्धत आलीय, माणसाच्या स्टेम सेलपासून (वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) लॅबमध्ये मेंदूच्या पेशींचे वाटाण्याएवढे गोळे वाढवतात, त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. अमेरिकेत मोंटाना राज्यात हॅमिल्टन गावी रॉकी माउंटन लॅबोरेटरीज आहे, तिथल्या लोकांनी २०१९ मध्ये अशा गोळ्यांना सीजेडी पेशंटच्या नमुन्यातून लागण करून दाखवली, म्हणजे आता माणसाच्या पेशी आणि माणसाचाच प्रायॉन एकत्र तपासता येतो. त्या गोळ्यात रक्तवाहिन्या नाहीत, पूर्ण मेंदू नाही, पण औषधांची पहिली चाळणी लावायला उंदराच्या पेशींपेक्षा कितीतरी बरं.

तिसरा प्रश्न: औषध कधी दिलं?

उंदराला प्रायॉन टोचला आणि त्याच दिवशी, किंवा टोचायच्या आधीच औषध दिलं, तर त्याचा आपल्या पेशंटशी फार संबंध नाही. आपला पेशंट डॉक्टरकडे पोचतो तेव्हा त्याचा तोल गेलेला असतो, हातपाय झटके देत असतात, माणसं ओळखेनासा झालेला असतो. लॅबमधल्या साध्या उंदराला प्रायॉन टोचल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार-पाच महिने जातात, त्यामुळे औषध टोचल्यापासून कितव्या दिवशी दिलं ते पेपरात लिहिलेलं असतंच, मराठी बातमीत नसेल तर मूळ पेपरचा वरचा सारांश उघडा, तो फुकट वाचता येतो, कळत नसेल तर बारावी सायन्सचा चांगला मुलगा किंवा मुलगी शोधा आणि सोबत बसून वाचा.

आणि "आयुष्य ५० टक्क्यांनी वाढलं" याचा अर्थ नीट लावा. याचा अर्थ उंदीर बरा झाला असा नाही. तो मेला, पण उशिरा मेला. ही पण मोठी गोष्ट आहे, पण ग्रुपवर "बरा होतो" असं पसरतं, ते तिथेच दुरुस्त करा.

मग आशा नक्की कशात आहे?

इथे जरा सविस्तर लिहितो कारण सध्या खरं काम इथेच आहे.

आत्तापर्यंत सांगितलेली बहुतेक औषधं बिघडलेल्या प्रोटीनच्या मागे लागणारी, म्हणजे विरजण काढून टाकायचा प्रयत्न. दुसरा विचार असा की दूधच कमी करूया, चांगलं प्रोटीनच मेंदूत कमी बनू दे, मग बिघडायला मिळणारच नाही, आणि मग जात कुठली का असेना. याचा पाया १९९३ चा आहे, ज्या उंदरांमध्ये प्रायॉन प्रोटीनचं जीनच बंद केलं होतं त्यांना प्रायॉन टोचून पण आजार झाला नाही. नंतर २००३ मध्ये लंडनमध्ये जिओव्हाना मलुची आणि जॉन कॉलिंज यांच्या टीमने त्याच्याही पुढे जाऊन दाखवलं, आधी उंदरांना लागण होऊ दिली, मेंदूत स्पंजसारखी भोकं पडायला सुरुवात झाल्यावर मज्जातंतूंच्या पेशींमधलं हे प्रोटीन बनणं बंद केलं, आणि ती सुरुवातीची भोकं भरून आली. हा प्रयोग मी कितीतरी जणांना सांगितलाय, कारण वेळेत पकडलं तर मेंदू सावरू शकतो याचा तो पहिला भक्कम पुरावा आहे.

प्रोटीन कमी केलं तर दुसरं काही बिघडणार नाही का, हा प्रश्न लगेच येतो आणि यायलाच पाहिजे. नॉर्वेत दुधाच्या बकऱ्यांच्या एका जातीत निसर्गतःच हे प्रोटीन न बनवणाऱ्या बकऱ्या सापडल्यात, त्या चांगल्या जगतात. या जीनच्या आपल्यात दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, माणसांमध्ये पण त्यातली एक निकामी असलेले लोक सापडलेत आणि ते निरोगी आहेत. म्हणजे निम्मं प्रोटीन असलं तरी माणूस नीट राहतो असं दिसतंय.

यावर आधारलेलं पहिलं औषध अँटिसेन्स प्रकारचं. जीनवरून प्रोटीन बनवायचा जो निरोप पेशीत जातो तो निरोपच हे औषध फाडून टाकतं. उंदरांमध्ये २०१९ च्या पेपरात आयुष्य ६१ ते ९८ टक्के वाढलेलं दिसलं, आणि लवकर दिलं तर फायदा जास्त, उशिरा दिलं तर कमी, हे पण त्या कामातून स्पष्ट झालं. या कामात सोनिया वल्लभ आणि एरिक मिनिकेल हे नवरा-बायको आहेत. सोनियांच्या आई २०१० मध्ये घराण्यात येणाऱ्या प्रायॉन आजाराने गेल्या, पुढच्या वर्षी सोनियांनी स्वतःची टेस्ट केली, तोच बिघाड त्यांच्यात पण निघाला. त्या वकील होत्या. दोघांनी आपापलं काम सोडलं, पहिल्यापासून बायॉलॉजी शिकले, पीएचडी केली आणि आज अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये स्वतःची लॅब चालवतात. मला यांच्याबद्दल वाटणारा आदर शब्दांत सांगता येणार नाही.

२०२४ मध्ये चार्म नावाचं तंत्र आलं, त्यात जीनला कात्री न लावता नुसतं गप्प करतात, उंदराच्या मेंदूतलं प्रोटीन ८० टक्क्यांहून जास्त खाली आलं. पण लक्षात घ्या, तिथे प्रोटीन किती कमी झालं ते मोजलंय, आजारी उंदीर किती जगले ते नाही. जानेवारी २०२५ मध्ये बेस एडिटिंगचा पेपर आला, जीनमधलं एकच अक्षर बदलून प्रोटीन बनणं मध्येच थांबवायचं. तिथे वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगलं होतं, उंदीर माणसाचं जीन घातलेले आणि प्रायॉन पण माणसाचा, आणि आयुष्य साधारण निम्म्याने वाढलं. ही दोन्ही तंत्रं अजून उंदरातच आहेत.

एक कुरूची गोष्ट पण सांगायला पाहिजे. पापुआ न्यू गिनीमध्ये फोर लोकांत मेलेल्या नातेवाइकांचं मांस खायच्या प्रथेमुळे कुरू नावाचा प्रायॉन आजार पसरला होता. ज्या भागात तो सगळ्यात जास्त होता तिथल्या काही लोकांच्या जीनमध्ये १२७ नंबरच्या जागी एक बदल सापडला, आणि २०१५ मध्ये लंडनच्या टीमने उंदरांत तो बदल घालून दाखवलं की जीनच्या दोन्ही प्रती तशा असतील तर उंदराला आजार होतच नाही. निसर्गानेच काढलेला उपाय, त्यावरून औषध काढायचा विचार पुढे चाललाय.

माणसांवर काय झालंय

डॉक्सिसायक्लिन, हो तेच लेप्टोसाठी आपल्याकडे पावसाळ्यात देतात ते, त्याची इटली आणि फ्रान्समध्ये १२१ पेशंटवर नीट ट्रायल झाली, २०१४ ला निकाल आला, फायदा नाही. म्हणून घरात उरलेली डॉक्सीची पाकिटं काढू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पीआरएन-१०० नावाची अँटिबॉडी २०१८-१९ मध्ये सहा पेशंटना दिली, २०२२ ला पेपर आला, औषध सुरक्षित वाटलं, मेंदूपर्यंत पोचलं, पण सहाही जणांची तब्येत पुढे खालावतच गेली. सहा जणांवरून फार काही ठरवता येत नाही, पुढच्या मोठ्या ट्रायलसाठी मात्र तो पाया आहे. आणि वर सांगितलेल्या अँटिसेन्स प्रकारचं आयन-७१७ नावाचं आयोनिस कंपनीचं औषध, ते पाठीच्या मणक्यातून देतात, त्याची माणसांवरची सुरुवातीची ट्रायल २०२४ च्या सुमारास सुरू झाली.

सुरुवातीची ट्रायल म्हणजे काय ते घरच्यांना समजावून सांगा. तिथे पहिला प्रश्न "माणूस बरा होतो का" हा नसतोच, "औषधाने त्रास होतो का आणि मेंदूतलं प्रोटीन खरंच कमी होतं का" हा असतो.

ट्रायल खरी आहे का, चालू आहे का, हे मोबाईलवर पाच मिनिटांत बघता येतं. अमेरिकन सरकारचं क्लिनिकल ट्रायल्सचं रजिस्टर आहे आणि आपलं भारताचं सीटीआरआय आहे, भारतात २००९ पासून प्रत्येक ट्रायल तिथे नोंदवणं बंधनकारक आहे. औषधाचं नाव टाका. "रिक्रूटिंग" लिहिलंय का, कुठले देश आहेत, वयाची आणि आजाराच्या टप्प्याची अट काय, हे वाचा. बहुतेक ट्रायलला अगदी सुरुवातीचे पेशंट लागतात, खाटेला खिळलेल्या पेशंटला विमानाने नेऊन पण घेतलं जात नाही, हे कटू आहे पण जमीन विकायच्या आधी कळलेलं बरं. आणि ट्रायलच्या औषधाचे पैसे जो पेशंटकडून मागतो, त्याच्यापासून लांब राहा. स्टेम सेलच्या नावाने लाखांचं पॅकेज सांगणारे फोन येतात, तेव्हा फक्त एवढंच विचारा की सीटीआरआयचा नंबर द्या.

काम एवढं हळू का चालतं

लोक चिडून विचारतात, कोविडची लस वर्षात आली मग याला इतकी वर्षं का. एक तर एका प्रयोगाला उंदीर आजारी पडायचीच वाट बघावी लागते, महिने जातात. दुसरं म्हणजे प्रायॉन उकळून मरत नाही, फॉर्मेलिनमध्ये उलट टिकतो. साधा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) १२१ डिग्रीवर चालतो तो पुरत नाही, १३४ डिग्रीला १८ मिनिटं, नाहीतर कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात तासभर ठेवावं लागतं. आणि धोका खरा आहे. फ्रान्समध्ये एका तरुण लॅब कर्मचारी मुलीला २०१० मध्ये काम करताना हाताला टोचलं आणि २०१९ मध्ये ती याच आजाराने गेली, त्यानंतर २०२१ ला तिथल्या सरकारी लॅबनी प्रायॉनचं काम काही काळ थांबवलं होतं. जे लोक हे काम करतायत ते असा धोका घेऊन करतायत.

तोपर्यंत घरच्यांनी काय करायचं

सगळ्यात आधी, हा खरंच सीजेडी आहे का याची खात्री. कारण तसाच दिसणारा पण बरा होणारा आजार असू शकतो, ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, थायरॉइडशी जोडलेला मेंदूचा त्रास, बी-१२ ची कमतरता, काही इन्फेक्शन. यातल्या काहींमध्ये स्टेरॉइडने माणूस परत चालायला-बोलायला लागतो. म्हणून "याला औषध नाही" हे ऐकून घरी आणण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला सरळ विचारा, "डॉक्टर, बरे होणारे आजार सगळे तपासून झालेत ना?" कोणी चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, पण त्याच आठवड्यात एमआरआय पण करा, कारण साध्या सीजेडीत लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण चार ते सहा महिनेच मिळतात आणि त्यातले दोन आपण गावातच घालवतो. सिंधुदुर्गातल्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ, रत्नागिरीकडच्यांना कोल्हापूर किंवा सरळ मुंबई.

एमआरआयमध्ये डिफ्युजनचे फोटो घेतलेत का ते विचारा, सीजेडीचे बदल त्यातच नीट दिसतात. मग ईईजी. आणि आरटी-क्विक नावाची टेस्ट, त्यात पेशंटच्या पाठीतून काढलेल्या पाण्याचे थोडे थेंब लॅबमध्ये बनवलेल्या चांगल्या प्रोटीनमध्ये टाकून हलवत ठेवतात, बिघडलेलं प्रोटीन असेल तर बाकीचं पण बिघडत जातं आणि एक रंगद्रव्य चमकायला लागतं. ही टेस्ट पॉझिटिव्ह आली तर चुकण्याची शक्यता फारच कमी. ती सगळीकडे होत नाही, त्यामुळे नमुना कुठे पाठवता येईल ते पाणी काढायच्या आधीच ठरवा, म्हणजे दोनदा टोचावं लागणार नाही.

घरात आधी कोणाला असं झालं असेल, आजोबा, आत्या, चुलत भाऊ, तर ते डॉक्टरला सांगा, लपवू नका. पीआरएनपीची रक्ताची टेस्ट होते. पण निरोगी भावंडांनी घाईने करून घेऊ नका, आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला, कारण एकदा कळलेलं परत विसरता येत नाही, आणि लहान मुलांची तर करूच नका. ज्यांच्यात बिघाड आहे पण लक्षणं नाहीत, पुढे येणाऱ्या औषधांचा सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच होण्यासारखा आहे, हे मात्र त्यांना नक्की सांगा.

वाडीतल्या लोकांना हे सांगायलाच पाहिजे: शेजारी बसून, हात धरून, पेज भरवून, आंघोळ घालून, कपडे धुवून हा आजार लागत नाही. हवेतून लागत नाही. अंत्यविधी नेहमीसारखा करता येतो. माणसं यायची बंद झाली की पेशंटपेक्षा त्याची बायको जास्त खचते, हे मी मामींच्या बाबतीत बघितलंय. फक्त रक्तदान, अवयवदान आणि नेत्रदान नाही, कारण डोळ्याच्या पारदर्शक पडद्यातून लागण झाल्याची नोंद १९७४ पासूनची आहे. पेशंटने नेत्रदानाचा फॉर्म आधी भरला असेल तर ते लोक दारात यायच्या आधीच फोन करून कळवा. आणि कुठलंही ऑपरेशन किंवा दाताचं काम ठरलं असेल तर तिथल्या डॉक्टरला निदान सांगा.

एक फाईल करा. पहिलं लक्षण कधी दिसलं, कधी पडले, कधी बोलणं गेलं, त्या तारखा. शक्य असेल तर झटक्यांचा मोबाईलवर व्हिडिओ. सगळे रिपोर्ट, औषधांची यादी, घराण्यात कोण कशाने गेलं त्याचा साधा तक्ता. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या (मेंदूच्या आणि मनाच्या आजारांची मोठी सरकारी संस्था) ठिकाणी मत घ्यायचं असेल किंवा कधी एखादी ट्रायल उघडली तर पहिल्या दिवशी हेच मागतात. एमआरआयची सीडी मागून घ्या, फिल्म पुरत नाही, आणि मूळ सीडी कोणाच्या हातात देऊ नका, कॉपी काढून द्या.